तिघांसाठी एकच खोली

हॅलो?… हॅलो, कोण?… अगंबाई, दातवाले भाऊजी! किती दिवसांनी हो!… हो, फोन यांचाच आहे, पण आता मीच उचलते ना. हे कसे बोलणार?… नाही, नाही, वाईट कशाला वाटेल? स्वरयंत्रच काढलं म्हटल्यावर आवाज जायचाच. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं… हो, बरे आहेत. इथेच बसलेत, माझ्यासमोर. थांबा हं… अहो, दातवाल्यांचा फोन!… हसले बघा. खुर्ची ओढून जवळ आलेसुद्धा.

बोला ना… कुणाचा नंबर?… त्या डोंगरावरच्या घरमालकीणबाईंचा? जिथे तुम्ही चौघं दरवर्षी उतरता?… म्हणजे जायचं ठरलं? काय सांगता! थांबा, आधी यांना सांगू दे. अहो, ठरतंय! तुमची बिअरची सहल ठरतेय!… भाऊजी, आत्ता यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. कधीपासून ग्रुपवर विचारतायत, निघायचं कधी, निघायचं कधी, आणि तुम्ही कुणी एक अक्षर लिहीत नाही. मी आपली म्हणायची, कामात असतील…



हां, नंबर देते, पण ऐका ना आधी. हे पाटीवर लिहितायत… अहो, लहान मुलांची असते ना, लिहून पुसायची, तसली… "आधी… वरच्या… गल्लीत." वरची गल्ली म्हणजे? ती जिन्यावर पोती रचलेली ब्रुअरी, बिअर बनवतात ती?… हो म्हणतायत, तीच. "मग… उतरत… उतरत… प्यायची." ऐकलंत? दर खेपेला तुम्ही खालून सुरुवात करता आणि शेवटच्या पायऱ्यांवर लंबूभाऊजींना उचलून न्यावं लागतं… मला सगळं माहितीये हो! त्या शहरात जिथेतिथे ब्रुअरी, आणि तुम्हाला एकही दार सोडवत नाही… हे हसतायत. हसले की गळ्याच्या भोकातून बारीक शिट्टीसारखं वाजतं. ऐकू आलं का?… नाही?… बरं.

छे, छे, पिणार कुठले! घोटसुद्धा गिळता येत नाही अजून. पोटात नळी आहे, तिच्यातून पातळ करून भरवते मी. श्वास नाकातून जात नाही, त्यामुळे वासही कळत नाही… हो मग, तरी यायचंय! मीही हेच विचारलं, तिथे जाऊन करणार काय? तर लिहिलं, "त्यांची भांडणं ऐकीन."… डॉक्टरांना विचारलंय मी. गळ्याला रुमाल बांधा, धूर टाळा, आणि खुशाल जा म्हणाले. नळीचं मी बघेन. तुमच्यात नाही हो येणार मी, खोलीवरच बसेन विणत. तुमच्या शाळेपासूनच्या टोळक्यात माझं काय काम?

मग बाईंना खोल्या किती सांगू? दोन?… एकच? एकच कशी पुरेल, भाऊजी? आम्ही दोघं, आणि तुम्ही, बँकवाले, लंबूभाऊजी असे तिघं…

तिघंच?

…अच्छा.

हो… हो, ऐकतेय ना… एक मिनिट हं, गॅसवर दूध ठेवलंय… अहो, काही नाही, तुम्ही लिहा पुढचं. मी आलेच.

हं. बोला आता, दार लावलंय मी स्वयंपाकघराचं… तिकिटंही काढली?… आणि हे सगळं ठरवलं कुठे?… दुसरा ग्रुप. तुम्हा तिघांचा. म्हणजे जुन्या ग्रुपवर हे एकटेच… नाही, मला बोलू द्या. सकाळी उठल्या उठल्या आधी फोन बघतात ते. चष्मा लावायच्याही आधी.

त्रास नको म्हणून? कुणाला त्रास?… भाऊजी, तुम्ही दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून बघता. तुम्हालासुद्धा तुमच्या या मास्तरांचा गळा बघवेना?… हो, आला होतात हॉस्पिटलात. दारातून हात केलात आणि निघालात. बँकवाले तर तेवढेही नाहीत… काय बोलावं सुचत नाही? अहो, काहीही बोला! हवापाण्याचं बोला, पेशंटच्या दाढांचं बोला! आवाज त्यांचा गेलाय, तुमचा नाही ना गेला?… इतकी वर्षं त्यांनी बोलायचं आणि तुम्ही हसायचं, तीच सवय लागलीय तुम्हाला… रडू नका. नका ना रडू. तुम्हाला कुठे सावरत बसू मी?

मी बाहेर जाऊन काय सांगू, तेवढं सांगा… नको, रद्द बिद्द नको. रद्द केलंत तर मग त्यांना कळल्यावाचून राहणार नाही. खोलीच मिळाली नाही म्हणू का? पण बाईंना ते स्वतः मेसेज करतील…

…अहो. तुम्ही कधी उठलात?

थांबा, भाऊजी. हे दारात उभे आहेत… काय माहीत कधीपासून. दार उघडलेलं कळलंच नाही मला… हो, ऐकलं असणार. कान चांगले आहेत त्यांचे.

लिहितायत… पुसलं. परत लिहितायत… "मीच… नको… म्हणालो… असं… सांग… दोघांना… थंडी… सोसत… नाही." कळलं का? बँकवाल्यांना आणि लंबूंना सांगायचं, मास्तरांनीच नको म्हटलं, थंडी सोसत नाही म्हणून… हो, असंच लिहिलंय. खाली अजून आहे, "लंबू मनाला लावून घेतो." आणि बाईंचा नंबर. पाठच आहे त्यांना. पाठवते मी.



रागावलेत का?… कसं सांगू? यांचा राग मला आवाजावरून कळायचा. नुसत्या चेहऱ्यावरून अजून नाही कळत मला.

तुम्ही बोलता? थांबा, देते… अहो, घ्या ना. नुसतं कानाला लावा, ते बोलतील… नको म्हणतायत. हाताने बाजूला केला फोन. आत गेले.

रविवारी? तिघं येता?… विचारते. अहो! रविवारी येऊ म्हणतायत हे लोक. येऊ देत का?… अहो?… पाटी इथे ओट्यावरच ठेवून गेलेत, भाऊजी. मग उत्तर कसलं मिळणार?

…एक मिनिट. आत कसला आवाज आला? थांबा हं, बघते…

कपाट उघडलंय त्यांनी. पलंगावर बॅग आहे. भाऊजी, बॅग भरलेली होती हो… मला काही बोलले नव्हते. स्वेटर, कानटोपी… एकेक बाहेर काढतायत. वरच्या कप्प्यात ठेवायला बघतायत, पण हात खांद्याच्या वर जात नाही त्यांचा, ऑपरेशनपासून…

नाही, आता काही बोलू नका. मी जाते त्यांच्याजवळ. ठेवते.