मामांचा एक आकडा

सगळा दोष आमच्या दत्तूमामांचा. भोरमध्ये त्यांनी वीस वर्षं टायपिंग शिकवलं. जुन्या मशिनवर इंग्रजी एकचं बटणच नव्हतं, म्हणून तिथं छोटा एल दाबायचा, दिसायला एकसारखाच. पुढं कॉम्प्युटर घेतला, वेल्ह्याकडच्या जमिनींचे गट नंबर टाइप करायचं काम मिळालं, मामांनी शिकवलेली पोरं टाइप करायची, तरी एलच. मी कॉलेज सोडलेला. छापलेले कागद डोळ्यांनी तपासायचो. चूक सुटली तर नोकरी गेली, ही मामांचीच अट.

एकदा शेजारच्या बागवानांची, पुण्यात कॉम्प्युटर शिकणारी रेश्मा सुट्टीला आली. म्हणाली, "दादा, गट नंबरात आकडे आन् तिरकी रेघ सोडून काय बी दिसलं तर दाखव, एवढंच या कॉम्प्युटरला सांगते."

तिनं एक ओळ लिहून बटण दाबलं. हजारो नंबर सरसर पडद्यावर चढले, प्रत्येकात एल. तीन महिने मला जे दिसलं नाही, ते त्या वीतभर ओळीला क्षणात दिसलं.

"मामा, हे तुम्ही शिकवलेलं एल हायेत," मी म्हणालो.

"म्या शिकवलेलं चुकंल व्हय? तपासलं कुणी, त्ये सांग!"

माझी नोकरी गेली.