गोष्टीवर दोघंच

अंतराळातल्या त्या सिनेमाचा दुसरा भाग सासऱ्यांना दाखवायला नेला, ही माझीच हौस. ते तंजावरकडचे मराठी, आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. म्हटलं, गोष्ट नाही कळली तरी थ्रीडी बघतील.

आणि बघितलं हो! समुद्र उभाच्या उभा आकाशात चढला, तेव्हा माझं मनगट त्यांनी असं धरलं की वळ उठले. पण पुढे हिरो मेला, परत आला, परत मेला, आणि मला झोप लागली.

दिवे लागल्यावर मी म्हणालो, "चला बाबा. चित्रं झकास, गोष्टीत काही दम नाही. आळशी लेकाचे!"

"बसा, माप्पिळ्ळै." जावयाला ते तमिळमध्येच हाक मारतात.

पडद्यावर नावं सरकत होती. झाडूवाली आमच्या रांगेशी येऊन ताटकळली, तरी शेवटचं नाव वाचल्याशिवाय हे हलले नाहीत.

बाहेर कॉफी पिताना मी पुन्हा गोष्टीला नावं ठेवायला लागलो, तशी त्यांनी माझ्यावर डोळे वटारले.

"नुसतं ते समुद्राचं पाणी करायला किती माणसं होती, नावं पाहिलीत? पडदा भरून! आणि गोष्ट लिहायला?"

"किती?"

"दोघं. आणि तुम्ही त्यांनाच आळशी म्हणता?" त्यांनी टंबलर खाली ठेवला. "मी असतो ना तिथे फोरमन, तर पाण्यावरची चार माणसं उचलून गोष्टीवर लावली असती."