यिपच्या खणातला फोटो

नॉर्थ पॉइंटला मिनीबसच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी आणि वकिलाचा कारकून उभे होते. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

"यिपभाऊ, फाईल ठेवा. फक्त ह्यांचा फोटो द्या. परवा छिंगमिंग, पितरांचा दिवस."

"काकू, फी चुकती होईपर्यंत फाईलमधलं काहीही अडवून ठेवायचा वकिलाला हक्क आहे. कायदाच तसा आहे."

"पुरावा म्हणून मीच दिला होता. दुसरा फोटो नाही ह्यांचा."

"साहेबांना दोनदा विचारलं मी."

"मग भिंतीला उदबत्ती ओवाळू?"

यिप मान वळवून मिनीबस येतेय का ते पाहू लागला.

"कपाटात कोंडलंय का त्यांना?"

"नाही. माझ्या खणात आहेत. खण उघडला की दिसतात."

"मग परवा त्यांच्यापुढे एक संत्रं ठेवाल? सोलून. ह्यांना सोलायचा कंटाळा."

"परवा कचेरी बंद असते, काकू."

"हो की. तुम्हालाही वडिलांच्या थडग्यावर जायचं असेल. उद्या ठेवा, ह्यांना चालेल. फक्त ते संत्रं बिलात लावू नका."

मिनीबस आली. म्हातारी चढली. यिप चढला नाही, आणि त्याला "पुढे व्हा" म्हणायला माझी जीभ उचलेना.