पुठ्ठ्याच्या जाहिराती

मांडव-जेवणाच्या धंद्यातलं आमचं पहिलं वर्ष. छापखान्यात पातळ कागद सांगितलेला, तर त्यांनी जाहिराती जाड पुठ्ठ्यावर छापल्या! भागीदार विनू माझ्यावरच भडकला, "हे धोंडे कोण खिशात घालणार?"

तोच गठ्ठा घेऊन पालीला एका लग्नाला गेलो. मांडव तात्यांचा, म्हणजे आमच्या प्रतिस्पर्ध्याचा. ऐन मे महिना आणि वीज गेली. विनू गठ्ठा सोडून पुठ्ठे वाटत सुटला. पाच मिनिटांत अख्खा मांडव आमच्या जाहिरातीने वारा घेत होता!

वधूपित्याने वारा घेता घेता वाचलं. "धाकटीच्या लग्नाला मांडव तुमचाच हो."

बाजूला तात्या घामाघूम. विनू म्हणाला, "तात्या, तुम्हाला देऊ एक?"

घेतलान हो मेल्याने!