अकरा मिनिटांची बोलणी

मंडळी, सरकून बसा. मागची मंडळी पुढं या. पुढं बसल्यानं पुण्य जास्त लागत नाही, पण पंखा पुढं आहे!

आज एकच प्रश्न. साधा प्रश्न. कचरा म्हणजे काय हो?

हसू नका! केरसुणी प्रत्येकाच्या घरात आहे, उत्तर कुणाच्या घरात आहे का? आई म्हणते, मुलाच्या जुन्या वह्या कचरा. मुलगा म्हणतो, आईनं साठवलेले श्रीखंडाचे रिकामे डबे कचरा. सून म्हणते— जाऊ दे, सून समोर बसलेली असताना ते सांगत नाहीत. टाकायचं काय, ठेवायचं काय, आणि हे ठरवायचं कुणी? ज्याच्या हातात केरसुणी, त्यानं?

ऐका तर.

कराडात एक गृहस्थ होते. होते म्हणजे आहेत, घाबरू नका. त्र्यंबकराव खटावकर. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी. धरणावर नाही हो, धरणाच्या कागदांवर! अभिलेख कक्षात. सरकारी कागदाचे चार वर्ग असतात— अ, ब, क, ड. अ वर्ग म्हणजे कायम जतन. ड वर्ग म्हणजे वर्षभरात राख. कुठला कागद जगणार, कुठला मरणार, हे त्र्यंबकराव ठरवायचे. साक्षात चित्रगुप्त! फरक एवढाच की चित्रगुप्ताला निवृत्ती नाही. आणि त्र्यंबकरावांचा नियम कडक— उघडून वाचल्याशिवाय फाडायचं नाही. एकतीस वर्षांत एक चिठोरं चुकून फाटलं नाही. हे लक्षात ठेवा, मंडळी. पुढं रडताना उपयोगी पडेल.

त्यांच्या पत्नी शालिनीबाई. यांचा वर्ग कोणता, हे ठरवायची त्र्यंबकरावांची छाती नव्हती!

बाई तोंडानं फटकळ. पण डोकं? एकदा घरात चोर शिरले. टीव्ही नेला, मिक्सर नेला, देवघरातली चांदीची निरांजनंसुद्धा नेली. बाईंच्या पाटल्या मात्र राहिल्या. कुठं होत्या? मोरीशेजारच्या चिंध्यांच्या बोचक्यात! पोलीस थक्क. बाई म्हणाल्या, “त्यात काय? चोर कचऱ्यात हात घालत नाही.”

चोर कचऱ्यात हात घालत नाही! त्र्यंबकरावांनी हे वाक्य मनात अ वर्गात टाकलं.

पुढं निवृत्ती झाली. घरी कॉम्प्युटर आला, माईक आला. कशाला? तर स्वतःच्या आवाजात रामरक्षा रेकॉर्ड करायची, पुढच्या पिढीसाठी. पुढच्या पिढीनं मागितली नव्हती! एके दुपारी माईक लावला, बटण दाबलं, घसा खाकरला, “श्रीगणेशाय—” आणि मागून दार उघडलं.

“अहो! हा टॉवेल कुणाचा? ओला टॉवेल पलंगावर! चव्वेचाळीस वर्षं सांगतेय. दगडाला सांगितलं असतं तर दगडानं दोरीवर वाळत घातला असता! आणि दूध? दुधाकडं बघा म्हटलं, तर बघत बसलात! उतू गेलं तेही बघितलंत! आणि ती वांगी! बिया आहेत की वांगी आहेत? माझ्या भावाच्या मुंजीत मांडवाच्या खांबाला टेकून घोरलात, तेव्हाच मी ओळखलं होतं…”

मंडळी, अकरा मिनिटं! मुंजीपासून वांग्यापर्यंत आणि वांग्यापासून परत मुंजीपर्यंत. त्र्यंबकराव गप्प. माईक चालू. आणि अकरा मिनिटं संपताना बाई जरा थांबल्या, श्वास घेतला, आणि म्हणाल्या—

“चहा घेणार का अर्धा कप?”

बघा! समुद्रमंथनात आधी काय आलं? हलाहल! देवांनी तेवढ्यावर “नको बाबा, हे सगळं फेका” म्हटलं असतं, तर अमृत मिळालं असतं का? अकरा मिनिटं हलाहल, आणि तळाशी अर्धा कप अमृत. संसार, संसार म्हणतात तो एवढाच आहे!

रामरक्षा राहिली. आणि मग, मंडळी, शालिनीबाईंच्याच डोक्यात कुणीतरी झाडू मारायला घेतला. आधी काल गेला. मग गेलं वर्ष गेलं. मग शेजाऱ्यांची नावं गेली. डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. बाईंनी तो कागद नीट ठेवला. कुठं ठेवला, ते विसरल्या. शेवटी एका सकाळी त्यांनी त्र्यंबकरावांकडं पाहिलं आणि अदबीनं म्हणाल्या,

“तुम्ही मीटर बघायला आलात का? घरातल्या माणसांना विचारा हं. मी पाहुणी आहे.”

उभ्या संसारात पहिल्यांदा बाई त्यांच्याशी इतक्या गोड बोलल्या. आणि त्या गोडव्यानं हा माणूस मोरीत जाऊन, नळ सोडून, ढसाढसा रडला.

परक्या माणसाच्या हातचं बाई खाईनात. चहा नाही, औषध नाही. तोंड घट्ट मिटलेलं. काय करावं? त्र्यंबकरावांना ते रेकॉर्डिंग आठवलं. लावलं. “अहो! हा टॉवेल कुणाचा?” आणि बाईंनी मान वर केली! ऐकू लागल्या. मान डोलवू लागल्या.

“बरोबर बोलतेय बाई,” म्हणाल्या. “बिचारी! कुणाच्या गळ्यात पडलीये कोण जाणे.”

“हो ना,” त्र्यंबकराव म्हणाले.

“नवरा अगदीच हा दिसतो.”

“अगदीच,” त्र्यंबकराव म्हणाले.

आणि शेवटी आवाज आला— “चहा घेणार का अर्धा कप?” बाई हसल्या. “टाक गं बाई,” म्हणाल्या. त्र्यंबकरावांनी कप पुढं केला आणि बाई चहा प्यायल्या! त्याच्याबरोबर गोळीही गेली, रात्री चार घासही गेले!

तेव्हापासून रोज चारच्या ठोक्याला अकरा मिनिटं बोलणी. दोन वर्षं, मंडळी! तुम्ही-आम्ही एक दिवस बोलणी खाल्ली तर जेवत नाही. हा माणूस रोज स्वतःच्या हातानं बटण दाबून बोलणी खात होता, का? तर तिनं चहा प्यावा म्हणून!

आता मला सांगा, एवढा मौल्यवान ठेवा कॉम्प्युटरमध्ये ठेवायचा कुठं? पेपरात रोज बातम्या— हॅकर आले, व्हायरस आले, सगळं चोरून नेलं. त्र्यंबकरावांना बायकोचं वाक्य आठवलं. चोर कचऱ्यात हात घालत नाही! त्यांनी फाईलला नाव दिलं ‘शालिनी, अ वर्ग, कायम जतन’, आणि ती उचलून ठेवली— कुठं? रिसायकल बिनमध्ये! कचऱ्याच्या टोपलीत! रोज चारला टोपलीतून बाहेर काढायची, लावायची, आणि परत टोपलीत. पूजा झाली की देव संपुष्टात ठेवावेत तसे. दुसरी प्रत? छे! दोन प्रती म्हणजे चोराला दोन संधी.

एवढ्या वर्षांत या गृहस्थानं पहिल्यांदा बायकोचं ऐकलं, मंडळी. पहिल्यांदा! आणि नेमकं तेव्हा.

पेटीवाले, सूर बारीक करा. आता पुढं उतार आहे.

कॉम्प्युटर म्हातारा झाला. भरला. अडखळायला लागला. “टॉ… टॉ… टॉवेल.” “वां… वां…” बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. “अहो मीटरवाले, त्या बाईला धाप लागलीय. तिला बसायला द्या. पाणी द्या तिला!” त्र्यंबकरावांनी खरोखर तांब्याभर पाणी आणून कॉम्प्युटरशेजारी ठेवलं. बाई सांगतील ते करायचं, एवढंच उरलं होतं.

पण अडखळणं वाढलं. एक दिवस आवाज ‘चहा’पर्यंत पोचलाच नाही. ‘च’वर अडकला. चहा राहिला, गोळी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्र्यंबकराव पेटून उठले. कॉम्प्युटर साफ करायचं एक मोफत सॉफ्टवेअर शोधलं. चित्रात पिवळी केरसुणी. बटण दाबलं. यंत्र म्हणालं, ‘तुमच्या संगणकात एक हजार आठशे बेचाळीस समस्या आहेत.’

त्र्यंबकराव म्हणाले, “माझ्या संसारात एवढ्या नव्हत्या. बायकोनं मोजल्या होत्या.”

मग यादी आली. तात्पुरत्या फाईली. जुन्या नोंदी. अमुक. तमुक. प्रत्येकासमोर चौकोन. चौकोनात खूण आधीच केलेली! अभिलेख कक्षातला माणूस— त्यानं चष्मा पुसला, यादी वाचायला घेतली. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली. सातवी ओळ होती ‘रिसायकल बिन’. सातवी! चार ओळी राहिल्या होत्या हो, फक्त चार…

आतून हाक आली. “चार वाजले. बाई आली का?”

“आली, आली!” म्हणाले. “आत्ता येईल. अगदी ठणठणीत होऊन येईल!”

आणि त्यांनी दाबलं. ‘सर्व साफ करा.’

एकतीस वर्षांत न वाचता एक कागद फाडला नाही! त्या दिवशी फाडला. आळसानं नव्हे, मंडळी. रागानं नव्हे. घाईनं! आणि घाई कशाची? प्रेमाची! पाप आळसानं होतं, रागानं होतं, हे आम्ही पोथीत वाचतो. प्रेमाच्या घाईनं होतं, त्याला प्रायश्चित्त कुठल्या पोथीत लिहिलंय? मी शोधलं. नाही लिहिलेलं.

पडद्यावर फटाके फुटले. ‘अभिनंदन! तुमचा संगणक स्वच्छ झाला आहे. आपल्याला भरपूर मोकळी जागा मिळाली आहे.’

त्र्यंबकरावांनी टोपली उघडली. ‘हे फोल्डर रिकामे आहे.’ बंद केली. परत उघडली. रिकामे आहे. कॉम्प्युटर मात्र कसा पळत होता, वा! टोपली इतक्या झटकन रिकामी दिसायची की डोळ्याचं पातं लवायला वेळ नाही!

नको नको म्हणता म्हणता सारे टाकुन दिले रे,
मोकळ्या त्या घरामध्ये कोण राहण्या आले रे?

तस्सा कॉम्प्युटर उचलून त्यांनी रिक्षात घातला आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार मुजावर, भला माणूस. दोन दिवस खपला. मग म्हणाला, “काका, दुसरीकडं कुठं ठेवली नव्हती का फाईल?”

“नाही. एकच होती.”

“पण ती कचऱ्यात का ठेवलीत?”

“चोर कचऱ्यात हात घालत नाही म्हणून.”

मुजावरनं खुर्ची पुढं ओढली, काकांना बसवलं. मग म्हणाला, “काका, अकरा मिनिटांतले चार सेकंद निघालेत. ऐका.” त्यानं लावलं. आवाज आला—

“अह्हं. खॅक्. श्रीगणेशाय—”

त्र्यंबकरावांचाच घसा! तिचा एक शब्द नाही. देवाची थट्टा बघा. ज्याला कुणी ऐकत नव्हतं, तेवढा शिल्लक ठेवला!

इकडं बाई रोज चारला विचारत. “बाई नाही आली?” कप समोर, तोंड मिटलेलं. दुसरा दिवस, तिसरा दिवस. ओठ सुकलेले. डॉक्टर म्हणाले, परवापर्यंत असंच राहिलं तर दवाखान्यात आणा, नळीनं घालावं लागेल.

चौथ्या दिवशी चारला त्र्यंबकराव स्वयंपाकघरात गेले. पडद्याआड उभे राहिले. डोळे मिटले. आणि सुरुवात केली.

“अहो! हा टॉवेल कुणाचा? ओला टॉवेल पलंगावर! चव्वेचाळीस वर्षं सांगतेय. दगडाला सांगितलं असतं तर…”

पाठ होतं, मंडळी! शब्दन् शब्द! दोन वर्षांचं पारायण ते! दूध आलं, वांगी आली, मुंज आली. सत्तरीचा माणूस पडद्याआडून स्वतःलाच फाडून खातोय, “तुम्हांला काही म्हणून काही कळत नाही! हातात दिलेलं धड सांभाळता येत नाही!” हे वाक्य मूळचंच होतं हो, त्यानं पदरचं घातलं नाही. पण तिथं त्याला रडू फुटलं. तसाच ओढत ओढत शेवटाला आला. “चहा… चहा घेणार का अर्धा कप?”

बाईंनी पडदा न्याहाळला.

मग बाई म्हणाल्या, “ती बाई बोलताना रडत नव्हती.”

त्या दिवशी चहा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला हा माणूस मोरीत आरशासमोर उभा. सराव करतोय. कसला? न रडता स्वतःवर ओरडायचा! चार वाजले. पडदा. अकरा मिनिटं, कोरडी ठणठणीत. एक हुंदका नाही. शेवटी— “चहा घेणार का अर्धा कप?”

बाईंनी कप उचलला. दोन घोट घेतले. तिसरा नाही घेतला. कप खाली ठेवून समोरच्या रिकाम्या खुर्चीला हळूच म्हणाल्या,

“नेहमीची बाई गावाला गेली वाटतं. ही बदलीची दिसते. हिला जमत नाही. पण असू दे, गरीब आहे.”

दोन घोट, मंडळी. गोळी गेली, रात्री दोन घासही गेले. तेवढ्यावर गाडी चालू आहे. तो रोज दुपारी तिच्या जागी उभा राहून स्वतःला शिव्या घालतो, आणि ती रोज नेहमीच्या बाईची वाट बघते. यापुढं कथा नाही. देव आला नाही, विमान आलं नाही. मी सांगू काय? कीर्तनकाराला शेवट गोड करता येतो, पण मग तो मला रात्री झोपू देत नाही.

आता तुमच्याकडं वळतो. बघताय काय माझ्याकडं? तुमच्याही घरात रोज कुणीतरी बोलतंय! टॉवेलावरून, दुधावरून, वांग्यावरून. आणि तुम्ही काय म्हणता? “पुरे!” हातात मोबाईल घेता. कानाला यंत्र लावता. न वाचता, न ऐकता, सगळ्या चौकोनांत खूण— सर्व साफ करा! सातव्या ओळीवर काय होतं, बघितलं होतंत?

विचारलं होतं ना मी, कचरा म्हणजे काय? मला माहीत नाही. कसं कळणार, शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय!

तेव्हा आजच्या कीर्तनाचा प्रसाद नारळ नाही, खडीसाखर नाही. प्रसाद एवढाच— घरी जा, अंघोळ करा, आणि ओला टॉवेल पलंगावर टाका. मुद्दाम टाका! आणि हात बांधून उभे राहा. बोलणी सुरू झाली की मध्ये तोंड उघडू नका. अकरा मिनिटं लागतील, जास्तही लागतील. मुंजीपर्यंत जातील, जाऊ देत.

आणि शेवटी चहा विचारला, तर हो म्हणा.