भरल्या ओटीचं वजन

आता तुम्हीच सांगा, एका भाकरीवर माणूस जगतं का? जगतं म्हणे! सासूबाई म्हणतात, "सव्वीस आलाय तुझा बीएमआय, हसायलीस काय?" हसतंय कोण हो, भुकेनं तोंडच तसं झालंय!

झालं काय, तुम्हाला सांगते, लग्नाला महिनाही नव्हता झाला. पूर्णा गावातल्या मंदिरात चैत्रातलं हळदीकुंकू, अन् त्यातच बायकांची तपासणी. नवी नवरी म्हणून गेल्या गेल्या ओटी भरली... नारळ, खण, सव्वा किलो तांदूळ! तेवढ्यात सिस्टर, "चला, वजनावर चढा!" मी पदरातलं ठेवायला वाकले, तर सासूबाई, "अगं बाई! भरली ओटी खाली ठेवतेत का कुठं?" चढले. ओटी, शालू, कोपरापर्यंत चुडा, सगळ्यांसकट अठ्ठावन्न! मग उंची. पट्टीला पाठ लावली अन् बघते तर समोर सासरे, आमच्या चपला राखत उभे! डोक्यावर पदर, मान खाली... सिस्टरनी लिहिलं, एकशे पन्नास. मी एकशे सत्तावन्न आहे हो! पण नव्या नवरीनं बोलायचं कसं?

हिशोब तरी ऐका. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. वर्ग! म्हणजे मान जरा झुकली की आकडा फुगलाच. तेवीसच्या आत पाहिजे, माझा खरा बावीस. बीएस्सी झालेय, तोंडी करते... पण नव्या नवरीनं बोलायचं कसं?

भात बंद. शेंगदाण्याची चटणी बंद. बरं, सासूबाई खाष्ट असत्या तर रागावले तरी असते! त्या डोक्यावरून हात फिरवतात, "पुढं बाळंतपणात तरास नको म्हणून करायले गं, माय." यांना सांगितलं, तर हे दह्यात धपाटं बुडवत म्हणतात, "मग आईला सांग की!" वा!

महिन्यानं फेरतपासणी. ठरवलं, आज सासरे असोत की अख्खं गाव, मान वर! सुती साडी, ओटी नाही, हनुवटी उचलून पट्टीला ताठ उभी राहिले... अन् सिस्टर म्हणतात, "उंची कार्डावर हाय की! लग्न झाल्यावर बाई वाढती का?"

बोलले हो, बोलले! "सिस्टर, तवा माझी मान..." तोवर त्यांनी हाताला धरून काट्यावर चढवलंसुद्धा. "एक्कावन्न! बावीस पॉइंट सात! एकदम नॉर्मल!"

सासूबाईंनी तिथंच कानशिलावर बोटं मोडली. डोळ्यांत पाणी त्यांच्या! "गुण आला गं माझ्या लेकराला! आता जन्मभर एकच भाकर."

मी मान खाली घातली. चला... निदान कार्डावरची उंची तरी खरी झाली.