झोपलेला डोंगर

बोटीच्या तिकिटांच्या रांगेत म्हाताऱ्या घड्याळजीच्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटीच्या हातात बेटाचं माहितीपत्रक होतं. थोरली ते वाचत नव्हती, नुसती त्यावरच्या डोंगराकडे बघत होती. घड्याळजीचा सगळा जन्म बारीक आवाज ऐकण्यात गेलेला. त्याला ऐकू येतच राहिलं.

“ताई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. शनिवारी जायचं, रविवारी यायचं.”

“पण तो ज्वालामुखी आहे ना गं?”

“झोपलेला आहे. छापलंय इथं.”

“झोपलेला म्हणजे मेलेला नव्हे.”

“तीनशे वर्षांत हूं की चूं केलेलं नाही त्यानं. लोक वर बसून डबे खातात.”

“आपणही खायचो की, बाबा झोपले की. चमच्याचा आवाज न करता.”

“तू ना, कुठलं कुठे नेतेस.”

“बरं, त्यांना सांगितलंस, आपण जातोय म्हणून?”

“सांगणारच होते.”

“म्हणजे?”

“सकाळी दोनदा गेले त्यांच्या खोलीत. ते झोपले होते.”

“मग उठवायचं.”

“तू उठवलं असतंस?”

रांग सरकली. धाकटी खिडकीशी पोचली, थोरली जागची हलली नाही. घड्याळजीही मागे तसाच थांबला.

“दोन ना?” खिडकीतल्या माणसानं विचारलं. “परतीचं कधीचं देऊ?”

“रविवार संध्याकाळचं,” धाकटी म्हणाली. “नाही, सकाळचंच द्या. बाबा दुपारचे झोपून उठायच्या आत पोचलेलं बरं.”

“परतीचं राहू दे,” थोरली म्हणाली. “आधी जायचं द्या.”